भिंतीवरची गोरी बाई

लवूकाकाने दार उघडलं तेव्हा हिनाने नमस्कार-बिमस्कार काही केला नाही. काखेतली फ्रेम थेट त्याच्या छातीशी नेऊन धरली आणि विचारलं, "ही तुमीच गोरी केली ना?"

म्हातारा दोन पावलं मागेच सरकला. सत्तरी उलटलेली, अंगात बनियन, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. भाईंदर पश्चिमेच्या एका स्टुडिओत त्याने तीस-बत्तीस वर्षं अंधाऱ्या खोलीत फोटो धुतले होते. स्टुडिओ कधीच बंद झाला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पण फोटो मोठा करायचं यंत्र म्हणजे एन्लार्जर, ट्रे आणि निगेटिव्हचे डबे म्हाताऱ्याने उचलून आपल्या खोलीत आणून ठेवले होते. एवढं कळायला हिनाला चार दुकानं पालथी घालावी लागली. फ्रेमच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का होता, शिक्क्याखाली शाईने घातलेला नंबर होता, आणि तेवढ्यावर ती इथवर आली होती. सकाळची मासळी विकून झाल्यावर पाटीसकट.

"कोण गो तू?"

"हिना. पालीच्या कोळीवाड्यातली. ही माजी आय, उर्मिला. मी तीन वरसांची असताना वारली."

लवूकाकाने फ्रेम उजेडात नेली, चांगला डोळा बारीक करून बघितली आणि खुशाल हसला. "अगो, झकास काम हा! बघ, कुठे डाग दिसतो? नाकाच्या बाजूची सावली पण ठेवलीय. माझाच हात."

हिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसतोय! इकडे हिचं आख्खं आयुष्य त्या फोटोने नासवलं आणि हा नाकाची सावली दाखवतोय!

तर तो फोटो. पालीच्या घरात, देव्हाऱ्याच्या वर, चौतीस वर्षं टांगलेला. गोरीपान बाई, दुधात धुतल्यासारखी, मागे सगळं पांढरं. हिनाला वाढवलं जिजाबाईने, म्हणजे तिच्या आत्याने, आणि आत्याच्या तोंडात एकच पालुपद होतं. "आयेवर गेली असतीस तर काय पायजे होता! बापसावर गेलीस." मग हळद लाव, साय लाव, लिंबू चोळ, उन्हात जाऊ नको. कोळ्याच्या पोरीने उन्हात जाऊ नको! हिना त्या फोटोपुढे उभी राहायची आणि तिला वाटायचं, ही बाई मला बघून नाक मुरडत असणार.

आणि बाबा, रामनाथ. तो त्याहून वाईट. त्याने त्या फोटोकडे कधी मान वर करून बघितलं नाही. घरात आला की खुर्ची ओढायची आणि फोटोकडे पाठ करून बसायचं. जेवायचं तसंच, चहा तसाच, टीव्हीसुद्धा त्याने समोरच्या भिंतीला लावून घेतला. हिनाला समजायला लागलं तेव्हापासून तिने ठरवून टाकलं होतं की या माणसाने आयेवर कधी प्रेमच केलं नाही. ज्याला मेलेल्या बायकोचं तोंड बघवत नाही, त्याच्याशी आपण तरी गोड का बोलावं? भाताचं ताट ठेवायची ते आपटून. बोलायची ते भिंतीकडे बघून.

गेल्या आठवड्यात शेजारच्या हळदीला वरसाव्याची एक म्हातारी आली होती. वरसावे म्हणजे उर्मिलाचं माहेर. म्हातारी पाणी प्यायला घरात शिरली, फोटोकडे बघून म्हणाली, "ही कोन?" सांगितल्यावर खो-खो हसली. "उर्मी? काय बोलतेस! उर्मी तव्यासारखी काली होती गो. हनवटीवर गोंदन. तुजाच तोंड, तुजाच!"

आत्याला विचारलं तर आत्या म्हणाली, म्हातारी भ्रमिष्ट झालीय. बाबाला विचारलं तर तो उठून जेटीवर निघून गेला. आणि त्याच संध्याकाळी आत्याने हिनाच्या बारा वर्षांच्या लेकीच्या, हेमालीच्या, हातात क्रीमची ट्यूब ठेवली. "तुजी आजी बघ कशी होती. रोज लाव." हिनाने ट्यूब खिडकीतून बाहेर भिरकावली, खिळ्यावरचा फोटो काढला आणि रात्रभर उशाशी घेऊन जागी राहिली.

"मेलेल्या बाईला गोरी करायला तुमाला सांगितलं कोनी?" तिने लवूकाकाला विचारलं.

"घरच्यांनी. दुसरं कोण सांगणार? बाराव्याला फोटो लागायचा. मंडळी रडत यायची आणि जाताना हळूच सांगायची, जरा उजळ करा. सगळ्यांना करायचो. मेलेल्या माणसाला काळं कोण करतं गो?"

"काळी होती तर काळीच दाखवायची!"

"ओरडू नको, शेजारी झोपलेत."

"उठूदे शेजारी!"

पण म्हातारा गेला आत. डबे सरकवल्याचा आवाज आला, धुळीने दोनदा शिंकला आणि पिवळ्या पाकिटातली एक फिल्म घेऊन आला. नंबर जुळला. निगेटिव्ह त्याने खिडकीशी धरलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. नव्या होडीच्या पूजेला भर दुपारी काढलेला फोटो होता. चुन्याच्या भिंतीपुढे, दाराच्या चौकटीशी बाई उभी, अर्धं तोंड उन्हात, अर्धं पदराच्या सावलीत. मागची भिंत काळ्या कागदाची पट्टी चिकटवून झाकलेली. आणि चेहऱ्यावर, कपाळापासून हनवटीपर्यंत, लाल रंगाचा पातळ हात फिरवलेला.

"हा लाल रंग उजेड अडवतो," लवूकाका म्हणाला. "तेवढी जागा कागदावर उजळ येते. ब्रशने एक-एक थर द्यायचा. चार थर दिलेत इथे."

"पुसा."

"काय?"

"पुसून टाका म्हनते. आत्ताच्या आत्ता. मला माजी आय बघायचीय."

लवूकाकाचं हसू मावळलं. "जुनी फिल्म हा बाय. खाऱ्या हवेत राहिलेली. पाण्यात टाकली आणि वरचा थर सुटला तर उर्मिला पण गेली आणि गोरी पण गेली. दुसरं निगेटिव्ह नाय."

आयेचा दुसरा फोटो जगात नव्हता, हे हिनाला ठाऊक होतं. तिने फ्रेममधल्या गोऱ्या बाईकडे बघितलं. नंतर म्हणाली, "ही ऱ्हायली काय नि गेली काय. टाका."

भिंतीवरची काळी पट्टी सोलून काढून, थंड पाण्यात थोडा अमोनिया टाकून लवूकाकाने फिल्म सोडली. दोघं ट्रेवर वाकून उभी राहिली. अमोनियाने हिनाचे डोळे झोंबायला लागले, तरी तिने मान हलवली नाही. हळूहळू पाण्यात गुलाबी धूर निघाला, वाढत गेला, पाणी सरबतासारखं झालं. म्हाताऱ्याने तीनदा पाणी बदललं, फिल्म दोन बोटांत उचलली, उजेडाला धरली आणि सुस्कारा टाकला. थर सुटला नव्हता. लाल रंग मात्र पार गेला होता.

फिल्म वाळली. मग त्याने खिडकीला पुठ्ठा लावला, लाल दिवा पेटवला आणि पहिला फोटो कागदावर उतरवला. ट्रेमध्ये कागद हलत होता. आधी दार आलं, साडी आली. आणि चेहरा आला तो काळा खड्डा! डोळे नाहीत, नाक नाही, नुसतं काळं ढेकूळ आणि त्यात दातांची पांढरी रेघ.

"ही काय माजी आय?" हिना किंचाळली.

"हा कडक कागद, काळं-पांढरं तोडून दाखवतो. आता नरम कागद बघ." दुसरा फोटो काढला. नरम कागदावर चेहरा आला खरा, पण चिखलासारखा. सगळं एकाच राखाडी रंगात, गोंदण कुठे आहे ते शोधूनही सापडेना.

"बघितलंस?" लवूकाका म्हणाला, आणि आता त्याचाही आवाज चढला होता. "ऊन एवढं, सावली एवढी. भिंत पांढरी फटक, तोंड काळं. कागदाला दोन्ही पेलत नाय. म्हणून रंग लावला! हौस म्हणून नाय लावला!"

"म्हनजे काळ्या मानसाचा फोटो येतच न्हाय? असं लिवलंय काय कुठं?"

म्हातारा ट्रेमधला कागद चिमट्याने उलटा-पालटा करायला लागला.

"बोला ना! चौतीस वर्षं माज्या तोंडाला साय फासली आत्याने. माज्या पोरीला क्रीम दिलं. तुमच्या त्या चार थरांनी! आणि आता सांगता कागदाला पेलत न्हाय?"

लवूकाका स्टुलावर बसला. लाल उजेडात त्याचं स्वतःचं तोंड कोळशासारखं दिसत होतं. तो हातातला चिमटा उघडत-मिटत राहिला.

"येतो फोटो," तो शेवटी म्हणाला. "तिसरा मार्ग असतो. मास्क करायचा. संगमरवराच्या देवळाला केला मी. नवरीच्या शालूला केला, जरीचं काम दिसावं म्हणून. स्टीलच्या भांड्यांच्या कॅटलॉगला केला, भांड्यांना! दीड दिवस लागतो, लागूदे म्हणायचो. काळ्या तोंडाला कधी केला नाय."

"का?"

"कोणी मागितलाच नाय गो."

"मी मागते," हिना म्हणाली. "करा."

छपाईच्या कामाची जुनी फिल्म त्याने फ्रिजमध्ये जपून ठेवली होती, कोथिंबिरीच्या पिशवीमागे. चार तुकडे उरले होते. काच खाली, तिच्यावर कोरी फिल्म, मग एक पारदर्शक कागद, वर उर्मिलाचं निगेटिव्ह, आणि एन्लार्जरचा उजेड क्षणभर. करता करता म्हातारा सांगत होता. मधल्या कागदाने चित्र जरा धूसर उमटतं, आणि ते धूसरच हवं. हा धूसर मास्क निगेटिव्हला चिकटवला की जिथे उजेड धो-धो जातो तिथे तो थोडा रोखला जातो, जिथे आधीच कमी जातो तिथे जाऊ दिला जातो. ऊन आणि सावली एकमेकांच्या जवळ येतात. मग कडक कागद बिनधास्त वापरता येतो आणि बारीकसारीक सगळं टचटचीत उमटतं.

"पन हे पन तुमच्या रंगासारखंच झालं ना?" हिनाने संशयाने विचारलं. "परत तोंडावर काहीतरी लावायचं."

"नाय. रंग मी माझ्या मनाने लावला. मास्क तिच्याच तोंडातून निघतो. मला त्यात एक रेघ पण बदलता येत नाय."

पहिला तुकडा फार काळा झाला. दुसरा कोरा निघाला. लवूकाका स्वतःवरच चरफडत होता, हिना त्याच्यावर चरफडत होती, आणि त्या खोलीत दोघांनाही ते बरंच वाटत असावं. तिसरा जमला. त्यावर पाण्यातून बघावी तशी एक बाई पुसट उभी होती. वाळायला दोरीला लावून हिना घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी बाजार उरकून परत हजर झाली.

आता निगेटिव्हवर मास्क बसवायचा होता. केसभरसुद्धा इकडे-तिकडे चालत नाही, नाहीतर प्रत्येक कडेला पांढरी रेघ येते. लवूकाकाने काचेखाली दिवा लावला, भिंग डोळ्याला लावलं, पाच मिनिटं खटपट केली आणि हात खाली टाकले. मोतीबिंदूच्या डोळ्याने काही दिसत नव्हतं आणि चांगल्या डोळ्यालाही आता एका रेघेच्या दोन दिसत होत्या.

"नाय होत," तो म्हणाला. "दहा वर्षांपूर्वी आली असतीस तर…"

"सरका."

"तुला काय येतं यातलं?"

"ओला जवळा निवडते मी, काका. नखाएवढा खेकडा त्याच्यातून काढते, रोज पहाटे, दिव्याच्या उजेडात. सरका म्हनते ना!"

त्याने तिला लिंबू लावून दोनदा हात धुवायला लावले. ती धुसफुसली, पण धुतले. मग स्टुलावर बसून तिने भिंग डोळ्याशी नेलं. आई तिच्या बोटांखाली होती. आधी दाराची चौकट जुळवली. मग पदराचा काठ. काठ जुळला की चौकट हलायची, चौकट धरली की काठ सुटायचा. मान अवघडली, पाठीतून घाम निथळला. एकदा सगळं सरकलं तेव्हा तिने अशी शिवी हासडली की लवूकाकाने कानाला हात लावला. आणि मग कधीतरी चौकट बसली, काठ बसला, आणि काचेवरचं चित्र एकदम फिकं, सपाट झालं. जवळजवळ दिसेनासंच.

"गेलं!" ती घाबरून म्हणाली.

"गेलं नाय, बसलं. हलू नको. चिकटपट्टी देतो."

कडक कागद. लाल दिवा. ट्रे. हिनाने ट्रेच्या कडा धरून ठेवल्या होत्या, जणू कोणी ओढून नेणार होतं. आधी भिंत आली, आणि या वेळी भिंतीवर चुन्याचे पोपडे दिसत होते. मग केस. मग चेहरा. काळा. खरोखरच काळा, तेल लावलेल्या लाकडासारखा, आणि त्या काळ्यात सगळं होतं. गालाचं हाड होतं. डाव्या भुवईत तुटलेली रेघ होती. हनवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. पुढचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला. हिनाची जीभ आपोआप आपल्या दातावर गेली. तोही तसाच चढलेला होता.

ती रडली नाही. तिला इतका संताप आला की रडू आतच अडकलं. ही एवढी बाई! एवढी हसणारी, एवढी देखणी बाई चौतीस वर्षं या पिवळ्या पाकिटात पडून होती आणि आपण त्या पिठाच्या बाहुलीला उदबत्ती ओवाळत होतो.

लवूकाका शेजारी उभा होता. त्याने फोटोकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि बनियनला हात पुसले. "माझं चुकलं गो," तो म्हणाला. हिनाने मान हलवली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, कारण केलं नव्हतं.

फोटो वाळल्यावर ती पालीला पोचली तेव्हा चार वाजले होते. बाबा नेहमीच्या खुर्चीत, नेहमीसारखाच, देव्हाऱ्याकडे पाठ. आत्या दारात सोडे निवडत होती. हिनाने फोटो बाहेर काढला तशी आत्याच्या हातातलं सूप खाली आलं.

"ही काळी कुटून आनलीस? जा, ठेव ती! लोकं बघतील!"

"बघूदे. तूच सांगितलेलंस ना गोरी करायला?"

"मग काय वंगाळ केला मी? जिती होती तवर तिला सगल्यांनी काली-काली केली. मेल्यावं तरी कुनी नावा ठेवू नये म्हून केला." आत्या हे म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. पण हिनाकडे आत्ता आत्यासाठी दया शिल्लक नव्हती. ती बाबासमोर जाऊन उभी राहिली आणि फोटो त्याच्या मांडीवर टाकला.

"बघ! चौतीस वर्षं तोंड फिरवून बसलास. आता बघ!"

रामनाथने फोटो उचलला. जवळ नेला, लांब धरला. त्याचं बोट हनवटीच्या ठिपक्यांवर गेलं आणि तिथेच थांबलं.

"आली," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, फोटोलाच सांगावं तसं, "बाराव्याच्या दिशी मी बोललो, ही आमची न्हाय. कोन पारकी बाय आनलीव? जिजी बोलली, दुखानं तुजा डोका फिरलाय. मग रोज ती समोर. येता-जाता ती. उर्मीला आटवाया बसलो का डोल्यापुढं ही गोरीच यायची. उर्मी पुसत चालली, हिना. म्हून पाट फिरवली. जी थोडी उरली होती ती तरी ऱ्हावी."

आपटलेली सगळी ताटं हिनाला एकदम आठवली. पण राग एवढा जुना होता की तो असा एका वाक्याने उतरणार नव्हता, त्याला दुसरीकडून वाट हवी होती, आणि ती ओरडली.

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगून दाखवला काय असता? फोटो तर तोच होता."

"मी होते ना! याच घरात होते! आयेचंच तोंड घेऊन फिरत होते तुज्यासमोर. आटवत नव्हती तर माज्याकडे बघायचं होतंस!"

"बघायचो," बाबा म्हणाला. "तू माज्याशी बोलताना भिंतीकडं तोंड करायचीस."

आत्या हुंदके देत होती. हिनाने कोपऱ्यातलं स्टूल पायाने ओढलं, बाबाच्या खुर्चीसमोर आणलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ, आणि त्याच्यावर बसली. पदराने तोंडावरचा घाम पुसला. बाजाराचा, उन्हाचा, सगळा.

"बघ," ती रागाने म्हणाली. "नीट बघ आता."